कंबरेएवढं गिरीपुष्प

खामगावहून बाळापूरकडे निघालं की घाटाखालची काळी जमीन सुरू होते. कपाशी, सोयाबीन, तूर आणि मधूनच लिंबाची एखादी बाग. लिंबाचा बाजार म्हटला की इकडे वाडेगावचंच नाव निघतं. अशाच एका बागेत, पहिले पाऊस होऊन गेल्यावर, मी गिरीपुष्पाची छाटणी पाहत उभा होतो. सहा-सहा मीटरवर कागदी लिंबाची झाडं, दोन ओळींच्या मधोमध आणि बांधावर गिरीपुष्प. काही जण याला उंदीरमारीही म्हणतात.

कोयत्याचा घाव तिरपा बसतो. कंबरेच्या वरचं सगळं खाली येतं आणि उरतो तो नुसता खुंट. कोवळ्या फांद्या पाल्यासकट लिंबाच्या आळ्यात पडतात, जाड काड्या बाजूला निघतात. पाला आळ्यात पसरला की वरून पावडंभर माती. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. तिकडे कोकोच्या बागांना सावली म्हणून ते लावतात. इथे सावली कोणालाच नको आहे. लिंबाला ऊन हवं, आणि मार्चनंतर जमिनीत जी थोडी ओल उरते तीही लिंबालाच हवी.

"उभं ठेवलं तं हे लिंबाचंच पानी पेते," बागवाले काका म्हणाले. "कापलं तवाच कामाचं, भाऊ."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र बांधतात खरे, पण तो आधी त्या झाडाच्याच पानांत जातो. शेजारच्या लिंबाला तो मिळतो पाला कुजल्यावर. शिवाय वरचा भार छाटला की खालची काही बारीक मुळं आणि गाठीही मरतात, तो वाटा जमिनीत राहतो. काकांनी बांधाकडेला उगवलेलं एक लहान रोप मातीसकट उपटलं आणि एक गाठ नखाने फोडली. आत लालसर गुलाबी. म्हणजे जिवाणू कामावर आहेत.

आता हिशोब, कारण या झाडाबद्दल भाषणं फार होतात. सुकलेल्या पाल्यात नत्र साधारण 2.4 टक्के धरतात. ओल्या पाल्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे दहा किलो ओला पाला एका आळ्यात घातला तर नत्र मिळतो पन्नास-पंचावन्न ग्रॅम, जेवढा सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर युरियात असतो. एवढं पाठीवर वाहायचं आणि हाती मूठ-दोन मुठी! स्फुरद तर त्याहून फारच कमी, त्यामुळे सुपर फॉस्फेटची गोणी सुटत नाही. कोणी गिरीपुष्पाला खताच्या पोत्याचा पर्याय म्हणत असेल तर त्याने एकदा भारा उचलून पाहावा.

तरीही काका हे करतात, आणि मला ते पटतं. इथली माती चुनखडीची, सामू बहुतेक आठाच्या वर. वरवर फेकलेल्या युरियातला बराच नत्र अशा मातीतून अमोनिया होऊन उडून जातो. लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, ती लोहाची ओरड. ती युरियाने मिटत नाही. या मातीला सेंद्रिय कर्बाचा दुष्काळ आहे, आणि पाल्यातून मिळतो तो तोच. 1870 मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली ती इथल्या कापसासाठी. पण कापसाबरोबर जमिनीचा कस गेला असं जे सरसकट म्हणतात, ते अर्धंच खरं. रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, तिच्यात नत्र नावालाच; तो जातो सरकीतून. आणि जे शेतात राहायला हवं होतं ती पऱ्हाटी चुलीत नाहीतर धुऱ्यावर जळत आली.

पाला घालण्याची वेळ मात्र चुकवून चालत नाही. उन्हाळ्यात भाव असतो म्हणून लिंबाचा हस्त बहार धरायचा, तर त्याची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यायला हवीत. त्याआधी झाडाला ताण बसला पाहिजे. गिरीपुष्पाचा पाला कोवळा, लवकर कुजणारा. ऑगस्टअखेर घातला तर ऐन ताणाच्या वेळी नत्र सुटतो, आणि झाड फुलाऐवजी पालवी काढत बसतं. म्हणून मोठी छाटणी जूनमध्येच. बहार धरल्यावर पुन्हा एक, आणि उन्हाळ्यापूर्वीची तिसरी फक्त आच्छादनासाठी.

नेमकं इथेच घोडं अडतं. जून म्हणजे पेरणी. मजूर मिळतो तो सरकी टोबायला, पाला कापायला नाही. आजूबाजूच्या बांधांवर गिरीपुष्प दिसतं, पण दोन पुरुष उंच वाढलेलं. लावलं तेव्हा रोपं मोजली गेली असतील. छाटणी कोण मोजणार? फेब्रुवारीत त्यांना गुलाबी फुलं येतात, उन्हात शेंगा फट्‌कन फुटून बी लांब उडतं, आणि शेताला मिळतो तो गळालेला पाला तेवढा.

छाटलेल्या पाल्याला दुपारपर्यंत उग्र वास सुटला होता. शेजारच्या शेतातला एक तरुण जाड काड्या मागायला आला. त्यालाही नव्या बागेत लावायच्या होत्या. काकांनी हात आडवा केला. "काडीचं झाड लिंबाच्या बुडाशी नोको लावू. त्याची मुळं वरच पसरतात, लिंबाचीबी वरच. काड्या कुंपनाले ने. बागेसाठी बी घेऊन जाय, बियाचं मूळ सरळ खाली जाते." मग त्यांनी जाड काड्यांची मोळी बांधून त्याच्या डोक्यावर दिली आणि बियाण्याची पिशवी आणायला ते खोपडीकडे गेले.