चित्रफीत-अध्यापन, आंतरजालीय

आंतरजालावर उपलब्ध असलेल्या ध्वनियुक्त चित्रफितींचा वर्गातील अध्यापनासाठी केला जाणारा उपयोग. शैक्षणिक चित्रपट व दूरचित्रवाणी यांहून या साधनाचे वेगळेपण मुख्यतः नियंत्रणात आहे : फीत केव्हा लावावी, कोठे थांबवावी व कोणता भाग पुन्हा दाखवावा, हे येथे प्रक्षेपण केंद्र नव्हे, तर शिक्षक ठरवितो.

भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. त्यातील सकाळचा कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असे. परंतु वर्गाला एखादा भाग उमगला नाही, तरी तो थांबविण्याची सोय नव्हती. पुण्यातील बालचित्रवाणी ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली व २०१७ मध्ये बंद करण्यात आली. यूट्यूब (२००५) सुरू झाल्यावर परिस्थिती पालटली. सलमान खान यांनी नात्यातील मुलीला दुरून गणित शिकविताना २००६ पासून फिती प्रसृत केल्या. त्यांतूनच पुढे खान अकॅडमी उभी राहिली. कोलोरॅडोतील वुडलँड पार्क येथे जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास व्याख्यानांच्या फिती घरी पाहावयास देऊन वर्गातील वेळ उदाहरणे सोडविण्यास मोकळा केला. यास ‘उलटा वर्ग’ म्हणतात.

अतिमंद, अतिजलद, अतिसूक्ष्म वा धोकादायक घटना दाखविण्यास चित्रफीत विशेष उपयुक्त ठरते, उदा., पेशीविभाजन, अंकुराची वाढ, ज्वालामुखीचा उद्रेक. लोहचुंबक व लोखंडाचा कीस हाताशी असताना मात्र तो प्रयोग पडद्यावर दाखविणे हा अध्यापनातील आळस होय.

खरी अडचण साधनाच्या सुलभतेतच आहे. दूरचित्रवाणी सोपी व छापील मजकूर कठीण, असे मुले गृहीत धरतात आणि पडद्यासमोर बौद्धिक श्रम कमी घेतात, असे गाव्रिएल सॅलोमन यांना १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पाहिले म्हणजे समजले, असा भास त्यामुळे होतो. म्हणून फितीपूर्वी प्रश्न देणे, निर्णायक क्षणी ती थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारणे व उत्तरे वहीत लिहवून घेणे आवश्यक ठरते. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनुसार निवेदनातील शब्दच पडद्यावर पुन्हा छापल्यास आकलनास बहुधा बाधा येते. फिती सहा मिनिटांहून लहान असाव्यात, हा प्रचलित संकेत २०१४ मधील एडएक्सच्या फितींवरील अभ्यासातून आला. तथापि तो पाहत राहण्याविषयी आहे, शिकण्याविषयी नव्हे.

‘दीक्षा’ (२०१७) या शासकीय मंचावरील फिती पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडद्वारे उघडता येतात. जोडणी बेभरवशाची असल्यास फीत आदल्या दिवशी उतरवून ठेवणे इष्ट. त्यामुळे मध्येच येणाऱ्या जाहिरातीही टळतात. उत्तम दृश्ये पुष्कळदा इंग्रजी निवेदनासह मिळतात. अशा वेळी ध्वनी बंद करून शिक्षकाने स्वतः मराठीत निवेदन केल्यास वर्गाची गतीही त्याच्या हाती राहते.