दोन कसोट्यांचा यष्टिरक्षक

भातकापणी आटोपून डोळखांबकडची खाचरे मोकळी झाली, की टेनिस चेंडूच्या सामन्यांना ऊत येतो, आणि सामन्यानंतरच्या वादात मी हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचे यष्टिरक्षक जनार्दन ज्ञानोबा नवले यांचे नाव काढले, की एक ठरीव उत्तर तोंडावर येते : 'दोन कसोट्या, 42 धावा, त्यांना कसला सन्मान?' हे लोक बेरजेत चुकत नाहीत, म्हणूनच त्यांचा अधिक वैताग येतो.

आकडे मान्यच आहेत. जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर 12 व 13, डिसेंबर 1933 मध्ये मुंबई जिमखान्यावर 13 व 4. परंतु ज्यांना हा हिशेब मुखोद्गत आहे, त्यांनी त्याच दप्तराचे पुढचे पानही उलटावे. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत हिंदुस्थानच्या वाट्याला कसोट्या आल्या अवघ्या सात : 1932 साली एक, 1933-34 मध्ये तीन, 1936 मध्ये तीन, आणि त्यानंतरची उजाडली 1946 मध्ये, तेव्हा 1902 साली फुलगावात जन्मलेले नवले त्रेचाळीस वर्षांचे होते. ज्यांची उमेद मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाच्या यष्टींमागे खर्ची पडली, त्यांना कसोटीच्या मापाने मोजणे म्हणजे विहीर खणली जाण्यापूर्वीच्या माणसाला पाणी का शेंदले नाही म्हणून जाब विचारणे होय.

शिवाय यष्टिरक्षकाची परीक्षा धावांवर घ्यावी, हा हुकूम कोणी काढला? आमच्या खाचरांत ज्याला धावता येत नाही त्याला यष्टींमागे उभे करतात. तोच समज बहुधा डोक्यात बसलेला असावा. लॉर्ड्सच्या त्या पहिल्या सकाळी, एसेक्सविरुद्ध त्याच महिन्यात 555 धावांची सलामी रचून आलेल्या सटक्लिफ आणि होम्स या दोघांच्याही यष्ट्या निसारने उडविल्या, वूली धावबाद झाला आणि इंग्लंडची अवस्था 3 बाद 19 झाली. तेव्हा निसारचा वेग आणि अमरसिंगचा वळणारा चेंडू ज्या हातमोज्यांत विसावत होता ते नवल्यांचे होते. पुढे डाव सावरून 79 वर पोहोचलेला कर्णधार जार्डिन नायडूंच्या गोलंदाजीवर त्यांनीच झेलला. इंग्लंडचा डाव 259 वर संपल्यावर, डावभर उठबस केलेला हाच गृहस्थ नाऊमल जीऊमलबरोबर सलामीला उतरला, देशाचा पहिला कसोटी चेंडू खेळला, आणि दोघांनी 39 धावांची सलामी दिली. ज्यांना माझ्या भाबडेपणाची शंका येईल त्यांनी 'विस्डेन' पाहावे. त्या इंग्रजी वार्षिकाने नवल्यांच्या यष्टिरक्षणाची मुक्तकंठाने तारीफ केली आहे.

मग सन्मान कोणता? आंतरराष्ट्रीय परिषदेने 2009 मध्ये स्थापन केलेल्या 'हॉल ऑफ फेम'साठी यष्टिरक्षकांना 200 बळींची अट आहे. तेथे नवल्यांची फिर्याद टिकणार नाही, आणि धोनीच्या शेजारी त्यांना बसविण्याचा हट्ट मी धरीत नाही. मात्र भारतीय मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार 1994 मध्ये सुरू केला, आणि नवले 1979 मध्येच निवर्तले होते. किरमाणी व फरोख इंजिनियर या यष्टिरक्षकांना तो मिळाला, ते यथायोग्यच. त्याच यादीत पहिल्या कसोटीच्या यष्टिरक्षकाचे नाव मरणोत्तर दाखल करण्यास कोणती हरकत आहे, ते मला उमगत नाही.

किरकोळ गैरसमजांची रुजवात येथेच करून टाकतो. पहिला चेंडू नायडूंनी खेळला नाही. ते चौथ्या क्रमांकावर आले. रणजी त्याआधी, 1896 मध्ये, कसोटी खेळले हे खरे, पण इंग्लंडकडून. 1936 आणि 1946 च्या दौऱ्यांवरचे यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर हे निराळे गृहस्थ. आणि नवले मुंबई-पुणे रस्त्यावर भीक मागत असत, ही मोठ्या चवीने सांगितली जाणारी कथा निव्वळ ऐकीव आहे : उतारवयात त्यांनी साखर कारखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी केली, पुण्यात ते दोन खोल्यांत राहत, एवढी नोंद मिळते. भिकेचा विश्वसनीय दाखला मात्र कोणी पुढे केलेला नाही, आणि तो पुढे येईपर्यंत ही कथा त्यांच्या चाहत्यांनी तरी सांगू नये.