सही करण्याआधी विचारा

धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातल्या ईटमध्ये आजार बळावला की रुग्णाचा प्रवास सुरू होतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग भूमचं ग्रामीण रुग्णालय आणि तिथंही भागलं नाही, तर धाराशिव किंवा थेट सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवे, केस पेपर नवा आणि पुढे सरकवलेला संमतीचा कागदही नवा. घाबरलेले नातेवाईक विचारतात, ‘सही कुठं करायची?’ ‘सही कशासाठी करायची?’ हे मात्र क्वचितच विचारलं जातं. रुग्णाचे बहुतेक हक्क या दुसऱ्या प्रश्नातच आहेत.

तो न विचारण्याची किंमत शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली उघड झाली. ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली आढळली. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं या तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक बायांनी सांगितलं, की त्यांना कॅन्सरची भीती घातली गेली होती. तोडीवर खाडा झाला तर आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, या धास्तीनं कित्येकींनी शस्त्रक्रियेला होकार दिला. भूम आणि वाशी भागातूनही कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, दर हंगामात कारखान्यांकडे निघतात, म्हणून ही गोष्ट ईटकरांना परकी नाही.

अशा संमतीबद्दल कायदा काय म्हणतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये दिल्लीतल्या एका खटल्यात स्पष्ट केलं. दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिलेल्या महिलेचं गर्भाशय आणि अंडाशय ती भुलीखाली असतानाच काढण्यात आले होते. होकार तिच्या आईकडून घेतला होता. न्यायालयानं हा होकार ग्राह्य धरला नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीनं दुसऱ्या कुणी होकार देऊन चालत नाही. उपचार कोणता, त्याचा फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे का आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. बाईच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर नवऱ्यानं किंवा सासऱ्यानं सही केली की काम झालं, असं मानणाऱ्या प्रत्येक घरानं हा निकाल लक्षात ठेवावा.

बिल, कागद आणि दरपत्रक

अपघात किंवा गंभीर प्रसंगात आधी जीव वाचवायचा, पोलिसांची कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच ठरवून दिलं आहे. त्यामुळे ‘पोलीस केस आहे, इथं घेता येणार नाही’ हे उत्तर नियमाला धरून नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आणि तिच्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची १७ कलमी सनद मांडली. महाराष्ट्रानं जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्क सनद आणि प्रमुख सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक केलं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. थकबाकी वसूल करायला रुग्णालयाला कायदेशीर मार्ग मोकळे आहेत. उपचारांच्या नोंदींची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत दिली पाहिजे, असं वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. ही मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. बार्शीहून पुण्याला न्यायची वेळ आली, तर हीच फाइल पुढच्या डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचवते.

पैशाच्या बाबतीत आणखी एक निर्णय महत्त्वाचा. भूम-परंड्याचे आमदार तानाजी सावंत आरोग्यमंत्री असताना, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय दोन्ही त्यात येतात. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दाखल होतानाच योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावं. बिल भरल्यानंतर योजना आठवली, तर धावपळच हाती येते.

रुग्णाच्या बाजूचं काम

हक्क मागणाऱ्यावर काही जबाबदाऱ्याही येतात आणि त्या पाळण्यात रुग्णाचंच हित असतं. पहिली जबाबदारी खरं सांगण्याची. शेतकरी कुटुंबात कुणाच्या पोटात कीटकनाशक गेलं, तर पोलिसांच्या भीतीनं ‘उलट्या होताहेत’ एवढंच सांगितलं जातं. कोणतं औषध पोटात गेलं हे कळल्याशिवाय योग्य उपचार ठरवणं कठीण असतं. त्या औषधाचा डबा सोबत न्यावा. साप चावला असेल तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखाना गाठावा आणि चावल्याची वेळ सांगावी. चालू गोळ्या, जुने आजार, कुठल्या औषधाची रिॲक्शन आली होती का, झाडपाल्याचं काही घेतलं का, हेही लपवू नये.

दुसरी जबाबदारी उपचार पुरा करण्याची. बरं वाटलं म्हणून क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडल्या, तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात आणि आजार घरातल्या इतरांनाही लागू शकतो. डॉक्टरांचा सल्ला नाकारून रुग्णाला घरी नेण्याचा हक्क आहे, पण त्यातला धोका समजून घेऊन तो निर्णय करावा.

तिसरी जबाबदारी संयमाची. डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयावर हल्ला करणाऱ्याला महाराष्ट्रातल्या २०१० च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. शिवाय एका ठिकाणची तोडफोड बाकीच्या रुग्णांचे उपचार थांबवते. तक्रारीसाठी वैद्यकीय अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि ग्राहक आयोग हे मार्ग आहेत.

याच जिल्ह्यानं दाखवलेली वाट

गावानं मिळून प्रश्न विचारले की काय होतं, याचा अनुभव या जिल्ह्याच्या गाठीशी आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ च्या सुमारास महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, होतं. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं इथं कामाची सूत्रं सांभाळली. गावकऱ्यांनी आरोग्यसेवांचं प्रगतिपुस्तक भरलं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर अनुभव मांडले. औषध बाहेरून का आणायला लावलं, केंद्रात डॉक्टर का नव्हते, अशा प्रश्नांची उत्तरं तिथं चारचौघांत द्यावी लागत. एकट्या रुग्णाला केबिनमध्ये जे विचारायचा धीर होत नाही, ते गाव मिळून विचारू शकतं.

ईटसारख्या प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती असणं अपेक्षित आहे. या समितीनं पुढच्या ग्रामसभेत रुग्णहक्क सनद वाचून दाखवावी, जबाबदाऱ्यांची यादीही सोबत वाचावी आणि दोन्हींची प्रत आरोग्य केंद्राच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांपर्यंत ही माहिती टोळ्या गाव सोडण्याआधीच पोचली पाहिजे, म्हणून हे काम दसऱ्याच्या आत उरकावं.