पाव मैलापुरता प्राणवायू

अमेरिकेतल्या कुठल्याही ड्रॅग स्ट्रिपवर रस्त्यावरच्या गाड्यांची रांग लागली, की तिच्यात एखादी जुनी फोर्ड मस्टँग 5.0 हमखास सापडते. 1987 ते 1993 मधली, चौकोनी, वजनाने हलकी, पुढे 302 घनइंचांचं आठ सिलिंडरचं इंजिन. शेवटचं वर्ष सोडलं तर कारखान्यातून निघताना तिची ताकद 225 अश्वशक्ती भरायची. आठवडाभर हीच गाडी मालकाला कामावर नेते, वाणसामान आणते. शनिवारी संध्याकाळी तिची डिकी उघडली, की लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला एक निळा सिलिंडर दिसतो. त्यात 10 पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलो नायट्रस ऑक्साइड. तेवढ्या गॅसवर साताठ धावा होतात. एक धाव पाव मैलाची, 402 मीटरची. एरवी चौदा सेकंदांच्या आसपास संपणारी ही धाव 100 अश्वशक्तीच्या जादा जोरावर सेकंदाहून अधिक लवकर संपते. या खेळात सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी माणसं महिनोन्‌महिने खपतात.

आपल्याकडे बहुतेकांना हा सिलिंडर 2001 च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटामुळे माहीत झाला. लाल बटण दाबलं, की गाडी तोफेतून सुटल्यासारखी सुटते, हे चित्र तेव्हापासून मनात बसलं आहे. त्या चित्रात पेट्रोल कुठेच नाही, आणि या यंत्रणेत जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा पेट्रोलपाशीच बिघडतं.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे जुना हास्यवायू. जोसेफ प्रीस्टली यांनी तो 1772 मध्ये तयार केला आणि 1844 मध्ये हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी दात काढताना तो वापरला. इंजिनात तो आला दुसऱ्या महायुद्धात. जर्मन हवाई दलाने फार उंचावर, विरळ हवेत दमणाऱ्या विमानांसाठी ‘जीएम-1’ या नावाने त्याचा फवारा वापरला. शर्यतीच्या मैदानावर तो आधी चोरून आला. 1976 च्या डेटोना 500 शर्यतीआधी ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या पात्रता फेरीच्या वेळा रद्द झाल्या, त्या याच गॅसच्या संशयावरून. पुढे दोनच वर्षांत, 1978 मध्ये, कॅलिफोर्नियात माइक थर्मॉस आणि डेल वाझ्नायन यांनी नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स ही कंपनी काढली. गावोगावच्या पोरांना खोक्यात जेट, नळ्या, सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपा आणि सूचनांची पुस्तिका मिळू लागली. या पुस्तिकेचं मोल मला त्या निळ्या सिलिंडरपेक्षा जास्त वाटतं.

नायट्रस स्वतः जळत नाही. त्याच्या वजनात सुमारे 36 टक्के ऑक्सिजन असतो. हवेत तो 23 टक्के. ज्वलनकक्षाच्या उष्णतेत, 300 अंश सेल्सियसच्या आसपास, त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय द्रवरूपात फवारलेला नायट्रस उणे 88 अंशांना उकळत असल्याने आत येणारी हवा थंड आणि घट्ट होते, हा वरचा फायदा. आता हिशेब पाहा. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, पण नायट्रस साडेनऊ किलोच पुरतो. म्हणजे नायट्रस सोडला आणि त्याच्या हिशेबाचं पेट्रोल सोडलं नाही, तर मिश्रणात ऑक्सिजनच ऑक्सिजन उरतो. वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये ऑक्सिजनची कळ वाढवल्यावर पत्रा कसा कापला जातो, ते ज्याने पाहिलं आहे त्याला अॅल्युमिनियमच्या पिस्टनचं काय होईल ते सांगायला नको.

म्हणून जाणकार मेकॅनिक सिलिंडरला हात लावण्याआधी पेट्रोलच्या टाकीतला पंप बदलतो. मस्टँगचा मूळ पंप मूळ इंजिनापुरता होता. या गाडीसाठी निघालेला एक जुना ‘ड्राय’ संच मोठ्या युक्तीचा होता. त्यात फक्त नायट्रस फवारला जायचा, आणि त्याच नायट्रसचा थोडा दाब पेट्रोलच्या रेग्युलेटरवर देऊन इंजेक्टरमधून जादा पेट्रोल ढकललं जायचं. युक्ती चालायची, पण सगळा भार त्या एका पंपावर. ‘वेट’ संचात नायट्रस आणि पेट्रोल दोन्हींना वेगळे सोलेनॉइड, वेगळे जेट असतात आणि दोन्ही एकाच नोझलमधून येतात. जेट म्हणजे बारीक भोक पाडलेला पितळी तुकडा. भोकाच्या मापावर किती अश्वशक्ती मिळणार ते ठरतं. जोड्या पुस्तिकेत दिलेल्या असतात. नायट्रसचा जेट मोठा करून पेट्रोलचा तसाच ठेवणारा माणूस पुढच्या शनिवारी इंजिन उघडून बसलेला असतो.

दुसरी गोष्ट ठिणगीच्या वेळेची. जादा ऑक्सिजनमुळे मिश्रण झपाट्याने जळतं, म्हणून ठिणगी उशिरा पडायला हवी. दर 50 अश्वशक्तीमागे साधारण दोन अंश मागे, हा रुळलेला हिशेब. मस्टँगचे मालक एरवी चपळाईसाठी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग कारखान्याच्या 10 अंशांच्या पुढे नेतात. ते आधी परत आणायचं, मग आणखी मागे न्यायचं. स्पार्क प्लग एक पायरी थंड आणि त्यांची फट थोडी कमी. पेट्रोल जास्त ऑक्टेनचं. इतकं करूनही नॉकिंग झालं, म्हणजे मिश्रण सलग न जळता धडाक्याने पेटलं, तर हेड गॅस्केट फुटतं किंवा पिस्टनवरच्या रिंगांमधली कड तुटते. म्हणून धाव संपली की प्लग काढून भिंगाखाली पाहायची पद्धत आहे. पोर्सेलिनवर अॅल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके दिसले, तर त्या रात्री ती गाडी पुन्हा रांगेत लावू नये.

मला सगळ्यात जास्त भावते ती स्विचांची साखळी. लाल बटणाची जागा खरं तर या साखळीने घेतली आहे. डॅशबोर्डवर एक मुख्य स्विच. अॅक्सिलरेटरपाशी एक सूक्ष्म स्विच. पाय पूर्ण खाली गेल्याशिवाय तो जुळत नाही आणि गिअर बदलताना पाय उचलला की तुटतो. तिसरा स्विच इंजिनाचे फेरे मोजतो. 3000 च्या खाली तो वीज जाऊ देत नाही, कारण मंद फेऱ्यांत इनटेक मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचतं आणि एका उलट भडक्यात मॅनिफोल्ड फाटतो. रेव्ह लिमिटरच्या थोडं अलीकडेही तो तुटतो. लिमिटरने पेट्रोल तोडलं आणि नायट्रस चालूच राहिला, तर काय होईल ते वर आलंच आहे. चौथा स्विच पेट्रोलच्या दाबावर बसतो. पंप दमला, दाब उतरला, की नायट्रस बंद. हे चारही एकाच वेळी हो म्हणतील तेव्हाच रिले जुळतो आणि सोलेनॉइड उघडतात. खर्च वाचवायचा म्हणून यातला एखादा गाळणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसणार नाही.

आता सिलिंडर. आपल्या गाडीच्या टायरमध्ये तिसेक पीएसआय हवा असते. या सिलिंडरमध्ये 900 ते 950 पीएसआय लागतो. हा दाब तापमानावर अवलंबून असतो. थंडीत तो उतरतो आणि गाडी मंदावते. उन्हात चढतो तेव्हा नायट्रस जास्त जातो, पण पेट्रोल तेवढंच राहतं. म्हणून दाबमापक हवा, आणि थर्मोस्टॅट असलेला ब्लँकेटसारखा हीटर हवा. वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये स्थापन केलेली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन सिलिंडर गरम करण्याची दुसरी कुठलीही रीत मान्य करत नाही. गॅसच्या शेगडीने किंवा टॉर्चने सिलिंडर तापवणं म्हणजे मृत्यूला बोलावणं.

36.4 अंश सेल्सियसच्या वर नायट्रसचा द्रव द्रव राहतच नाही, आणि दाब भराभर वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात बंद डिकी किती तापते ते मनात आणा. त्यासाठीच सिलिंडर वजनकाट्यावर भरतात, दाब पाहून भरत नाहीत. 10 पौंडांच्या सिलिंडरमध्ये वर वायूला जागा उरलीच पाहिजे. दाब फारच चढला तर फुटणारी सुरक्षा चकती असते. तिच्यातून सुटणारा वायू नळीने गाडीबाहेर नेलेला हवा, नाहीतर प्रवाशांच्या डब्यातला ऑक्सिजन हटतो. जोडणीतली एक बारीक गोष्ट नवशिक्यांना कुणी सांगत नाही. फ्लेअर जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिचा एक धागा सोलेनॉइडमध्ये अडकला की तो पूर्ण मिटत नाही, आणि बंद गाडीच्या मॅनिफोल्डमध्ये नायट्रस भरत राहतो. पुढच्या वेळी चावी फिरवताच स्फोट होतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे मूलभूत बदल करू देत नाही. अमेरिकेतही काही राज्यांत सिलिंडर जोडलेला ठेवून रस्त्यावर फिरता येत नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’च्या शर्यती झाल्या आहेत. ज्यांना वेगाची ओढ आहे त्यांनी अशा बंदिस्त पट्टीवर, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी असताना धावावं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर रात्री दोनला धावू नये. तिथे पुढे चाललेल्या ट्रकच्या चालकाने या खेळाला होकार दिलेला नसतो.

धाव संपल्यावरचं काम क्रमाने करायचं असतं. गाडी थांबवायची, उतरून डिकी उघडायची, सिलिंडरची झडप हाताने घट्ट बंद करायची. मग पर्जचं बटण दाबून नळीतला उरलेला नायट्रस बाहेर सोडायचा, नळीतला दाब शून्यावर येईपर्यंत. मुख्य स्विच त्यानंतर बंद.