परसातील सावलीचे गवत

लोणार तालुक्यातील सुलतानपूरची जमीन काळी. पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी. येथे परसात मोरीचे पाणी मुरत असेल आणि वर कडुनिंबाची दाट सावली असेल, तर हरळीची हिरवळ लावण्यात पैसे घालवू नयेत. हरळीला ऊन लागते.

दाट सावलीचे देशी गवत म्हणजे ऑप्लिस्मेनस. बांबूसारखी रुंद, किंचित लहरी पाने. पेरांना मुळे फुटत ते पसरते. पावसाळ्यात झाडांखाली आपोआप उगवते आणि तण समजून उपटले जाते! त्याची चिकट कुसळे मात्र कपड्यांना लागतात. म्हणून फुलोरा येताच कापावा.

मोरीच्या टोकाला, जेथे अर्धा दिवस ऊन येते, तेथे वाळा लावावा. पडद्यांमुळे व सरबतामुळे तो व्यापाऱ्यांच्या ओळखीचा. त्याचे जिवंत बेट पाहिलेले मात्र थोडेच. पुरुषभर उंची, तीन मीटरपर्यंत जाणारी मुळे. माती धरून ठेवण्यात तो पटाईत. सुगंधासाठी मुळे खणली की बेट गेले. शोभेचा वाळा खणू नये.

साधू-साध्वी हिरव्या गवतावर पाऊल ठेवीत नाहीत. त्यामुळे चातुर्मासापूर्वीच फाटकापासून दारापर्यंतची फरशीची वाट गवताविना मोकळी राहील, अशीच लागवड आखावी.