गॅलियमची 68 मिनिटं

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गिलेमिन यांचा गट मेंढ्यांच्या मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग धुंडाळत होता. शोध चालला होता वाढीचं संप्रेरक सोडायला लावणाऱ्या पदार्थाचा. हाती लागला नेमका उलटा, ते संप्रेरक रोखणारा पदार्थ! 1973 साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. जेमतेम 14 अमिनो आम्लांची साखळी, नाव सोमॅटोस्टॅटिन. पुढे कळलं की स्वादुपिंडात, आतड्यात, जठरातही हा रेणू हेच काम करतो. स्रवणाऱ्या पेशींना तो ‘आता पुरे’ असं सांगतो आणि दोन-तीन मिनिटांत रक्तातून नाहीसाही होतो.

आज याच निरोपाच्या आधारे डॉक्टर एका लपून बसणाऱ्या कॅन्सरचा माग काढतात. आतडं, स्वादुपिंड, फुप्फुस अशा ठिकाणी संप्रेरकं स्रवणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यातून उद्भवतो तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. 2018 साली अभिनेते इरफान खान यांनी स्वतःच्या आजाराचं नाव जाहीर केलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकलं. यातल्या बऱ्याच गाठी सावकाश वाढतात. मूळ गाठ सेंटीमीटरभराची, आतड्याच्या वेटोळ्यात दडलेली; साध्या सीटी स्कॅनमध्ये ती सहज निसटते. काहींचा चेहरा अचानक लालबुंद होतो, जुलाब थांबत नाहीत आणि पोट नाजूक आहे असं समजून वर्षं निघून जातात. पुष्कळदा आधी सापडतात त्या यकृतात पोचलेल्या गाठी.

मला यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते ती ही: पेशी बिघडली, सगळी शिस्त सोडून यकृतात जाऊन बसली, तरी ‘आता पुरे’ हा निरोप स्वीकारणारे रिसेप्टर तिने टाकून दिलेले नसतात. उलट त्यांची संख्या भरमसाट वाढलेली असते, विशेषतः दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरची. म्हणजे सोमॅटोस्टॅटिनसारख्या रेणूला किरणोत्सर्गी अणू जोडून तो शिरेतून सोडला, तर तो अशा पेशींपाशी आपसूक गोळा होईल. अडचण एवढीच की दोन-तीन मिनिटांत विरणाऱ्या रेणूकडून हे काम होणार कसं? त्यावर औषधरसायनशास्त्रज्ञांनी 8 अमिनो आम्लांचा ऑक्ट्रिओटाइड हा टिकाऊ भाऊबंद घडवला. मग 1980च्या दशकाच्या अखेरीस रॉटरडॅममध्ये एरिक क्रेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला किरणोत्सर्गी आयोडीन जोडून रुग्णांमधल्या गाठी प्रत्यक्ष पाहिल्या. पुढे आयोडीनची जागा इंडियमने घेतली, आणि आता बहुतेक ठिकाणी गॅलियम-68 वापरतात.

या गॅलियमचं अर्धायुष्य साधारण 68 मिनिटांचं. इतका अल्पजीवी अणू दूरवरून मागवून साठवता येत नाही. म्हणून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिशाच्या कवचात एक छोटा स्तंभ असतो आणि त्यात जर्मेनियम-68 बसवलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य 271 दिवस. ते संथपणे क्षय पावतं आणि त्यातून गॅलियम तयार होत राहतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल स्तंभातून सोडलं की जर्मेनियम जागेवर राहतं आणि गॅलियम तेवढं आम्लाबरोबर बाहेर येतं. या क्रियेला लॅबमधली मंडळी ‘मिल्किंग’ म्हणतात, आणि ते अगदी चपखल आहे, कारण तीन-चार तासांनी स्तंभ पुन्हा दुभता झालेला असतो. मग ते गॅलियम ऑक्ट्रिओटाइडच्या कुळातल्या डोटाटेट नावाच्या पेप्टाइडबरोबर काही मिनिटं तापवायचं. त्यातला ‘डोटा’ हा भाग गॅलियमच्या अणूला चहूबाजूंनी धरून ठेवतो. शुद्धता तपासायची, डोस मोजायचा, शिशाच्या आवरणातली सिरिंज रुग्णापर्यंत न्यायची, आणि हे सगळं घड्याळाकडे बघत, कारण अर्धा माल तासाभरात संपणार असतो!

पेप्टाइड असतं काही मायक्रोग्रॅम. औषध म्हणून त्याचा परिणाम जाणवावा एवढंही नाही. रुग्णाने भरपूर पाणी प्यायचं, वेगळ्या खोलीत तासभर थांबायचं, लघवीला जाऊन यायचं आणि मशीनमध्ये निवांत पडायचं.

त्या वेळी शरीरात जे घडतं ते मात्र विलक्षण आहे. गॅलियमच्या केंद्रकातून पॉझिट्रॉन निघतो. तो इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, कार्ल अँडरसन यांना 1932 साली वैश्विक किरणांमध्ये सापडलेला. काही मिलिमीटर जातो न जातो तोच त्याला इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होते आणि प्रत्येकी 511 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीचं डिटेक्टरचं कडं काही नॅनोसेकंदांच्या आत दोन्ही टिपतं. त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी पेप्टाइड आहे, एवढं ठरलं. अशा लक्षावधी रेषांवरून संगणक जागा काढतो.

चित्रात प्लीहा आणि मूत्रपिंडं नेहमीच झळकतात, पिट्यूटरी ग्रंथीही दिसते. कुणाच्या स्वादुपिंडाच्या शेपटापाशी जन्मतःच प्लीहेचा एखादा इवला जादा तुकडा असतो आणि तो हुबेहूब गाठीसारखा चमकतो. त्यामुळे वाचणाऱ्याची नजर तयार लागते. पण मूळ गाठ कुठे आहे, लसिकाग्रंथींत, यकृतात, हाडांत किती पसरली आहे, हे एकाच तपासणीत दिसतं आणि त्यावर ऑपरेशन करायचं की नाही हे पुष्कळदा ठरतं.

न चमकणंही बोलकं असतं. गाठ आक्रमक झाली की रिसेप्टर कमी होत जातात. अशा गाठी साखर हावरटपणे खातात, म्हणून ग्लुकोजवर आधारलेल्या एफडीजी स्कॅनमध्ये त्या उठून दिसतात. एकाच यकृतातली एक गाठ गॅलियमच्या स्कॅनमध्ये आणि शेजारची एफडीजी स्कॅनमध्ये उजळते, असंही घडतं. तेव्हा दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वाचावी लागतात.

गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-177 बसवलं की जवळपास तोच रेणू औषध होतो. त्याचे बीटा कण गाठीवर आतूनच मारा करतात. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार होतात. आधी गॅलियमचा स्कॅन बघतात, कारण ज्या गाठीने गॅलियम घेतलं नाही ती ल्युटेशियमही घेणार नाही. ल्युटेशियममधून थोडे गॅमा किरणही निघतात, म्हणून औषध दिल्यावर गॅमा कॅमेऱ्याखाली ते नेमकं कुठे पोचलं याचं चित्र पुन्हा काढता येतं.