कोनाचं डोक्सं हाये हे?

१९७४ च्या दिवाळीत इंदूरहून घरी येताना माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेली एक कवटी होती. इंदूर ते खंडवा मीटरगेज, खंडव्याला गाडी बदलून चांदनी. ट्रंक सीटखाली सारताना आत काहीतरी गडगडलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "नारळ का?" मी हो म्हणालो. बीडीएसच्या पहिल्या वर्षाला होतो आणि सुट्टी संपली की कवटीची तोंडी परीक्षा होती.

आमचं घर चांदनीत, वडील शेजारच्या नेपानगरला मिलमध्ये, कागदाच्या मशीनवर. वर्तमानपत्राचा कागद काढणारी देशातली ही पहिली गिरणी. नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं ते १९५६ साली. माझा जन्मही त्याच वर्षीचा. शाळेत हिंदी, घरात मराठी, आणि आजी रावेरकडची, म्हणून तिची लेवा बोली. धोतर सोडून मी कवटी ओट्यावर ठेवली तेव्हा आई आत निघून गेली. आजी मात्र जवळ आली, खाली बसली आणि म्हणाली, "कोनाचं डोक्सं हाये रे बापा हे?"

मी म्हणालो, "कॉलेजचं."

"कालेजचं नाई इचारलं. कोनाचं?"

तोवर हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता. सरांनी नाही, आम्हीही नाही. हाडांचा संच मी सीनियरकडून घेतला होता, त्याने त्याच्या सीनियरकडून. त्याच्याही मागे गेलं की वाट कलकत्त्याला पोचायची. त्या काळी जगभरच्या वैद्यकीय कॉलेजांत हाताळले जाणारे सांगाडे मोठ्या प्रमाणावर कलकत्त्याहून जात. हाडं शिजवून, घासून, ब्लीच करून पांढरी केलेली. कवटीचं झाकण करवतीनं कापून पितळी आकड्यांनी बसवलेलं. खालचा जबडा स्प्रिंगनं अडकवलेला. माल कुठून येई? बेवारस मेलेले, घरच्यांकडे सरणापुरते पैसे नसलेले, आणि काही तर पुरलेले उकरून काढलेले. बोभाटा झाला आणि १९८५ मध्ये भारत सरकारनं माणसांच्या हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. परदेशी कॉलेजांना ती झळ लगेच लागली. आमच्याकडे मात्र जुने संच पलंगाखालून पलंगाखाली फिरतच राहिले.

आजीच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर कवटीतच होतं, पण ते मला पुढच्या वर्षी कळलं. खालच्या जबड्यात उजवीकडे दोन दाढांच्या जागी खड्डे नव्हतेच. हाड भरून गुळगुळीत झालं होतं. म्हणजे त्या दाढा जिवंतपणीच गेल्या, आणि पुढे बरेच महिने, कदाचित वर्षं, तो माणूस डावीकडून चावत राहिला. समोरचे दोन दात मात्र नव्हते तरी त्यांचे खड्डे जसेच्या तसे, धारदार कडांचे. ते मेल्यावर, बहुधा आमच्याच कोण्या सीनियरच्या हातून पडले असणार. उरलेल्या दातांची टोकं झिजून सपाट झालेली. जाडंभरडं खाल्लेलं. कानामागचा उंचवटा लहान, भुवईची कडा नाजूक. सर म्हणाले, बहुधा बाई. आजीला हे सांगायला मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "मंग तिले नाव असन," आणि शेंगा सोलू लागली.

पहिल्या वर्षी मात्र नावांचा त्रास वेगळा होता. कवटीत हाडं बावीस: मेंदूभोवतीची आठ आणि चेहऱ्याची चौदा. कानातली चिमुकली सहा आणि गळ्यातलं घोड्याच्या नालासारखं एक वेगळी मोजायची. बावीसही फार वाटत नाहीत. पण प्रत्येकाला कडा, भोकं, खाचा, आणि प्रत्येक भोकातून काय जातं ते पाठ. पाच बाजूंनी कवटी बघायची: वरून, समोरून, बाजूनं, मागून, खालून. धरायची कशी तेही ठरलेलं. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत. १८८४ साली फ्रांकफुर्टला विद्वानांनी ही रेषा ठरवली, आणि ती चुकली की नेपानगरच्या पोराला शून्य. स्नायू जिथून निघतो तिथं लाल शाई, जिथं रुततो तिथं निळी. माझ्या कवटीवर तीन हस्ताक्षरं होती आणि दोन ठिकाणी ती एकमेकांशी भांडत होती.

सुश्रुतानं तीनशे हाडं मोजली आणि दातही त्यांतच धरले, 'रुचक' म्हणून वेगळा प्रकार करून. आज दात हाडात मोजत नाहीत. पण दंतवैद्य होऊ घातलेल्या मुलाला त्याची ही गणती मनातून पटायची.

पाठ होईना तेव्हा मदत केली रावेरच्या काकांनी, तीही नकळत. भाऊबीजेला ते आले आणि मी घोकत होतो ते शब्द ऐकून अर्थ विचारू लागले. व्होमर म्हणजे काय? नाकाच्या मधल्या पडद्याचं हाड. लॅटिनमध्ये नांगराचा फाळ. त्यांनी ते हातात घेऊन कलतं केलं आणि म्हणाले, फाळच आहे. झायगोमा? ग्रीकमध्ये जू. गालाच्या हाडाची कमान बैलाच्या मानेवरच्या जुवासारखी आडवी. एथमॉइड म्हणजे चाळणीसारखं, आणि त्याच्या पत्र्याला खरंच चाळणीची भोकं, वासाच्या नसा त्यांतूनच उतरतात. कानात हातोडा, ऐरण, रिकीब. कवटीचे सांधे म्हणजे शिवणी. खालून दिसणाऱ्या स्फीनॉइडला ग्रीकांनी पाचर म्हटलं. आपल्या परिभाषेत ते जतूकास्थी, वटवाघूळ, आणि मला विचाराल तर पंख पसरलेल्या त्या हाडाकडे पाहून आपल्याच लोकांची नजर जास्त बरोबर होती. काका म्हणाले, "हे तर गोठ्यातलं सामान आहे, तू इंग्रजी काय म्हणून घाबरतोस?" त्या रात्री पहिल्यांदा सगळी नावं एका दमात आली.

वडिलांचं कौतुक निराळं. डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या भिंतीला लॅमिना पॅपिरेशिया म्हणतात, कागदी पत्रा. मी हे सांगताच त्यांनी कवटी उचलून दिव्यासमोर धरली, मिलमध्ये कागदाचा ताव उजेडावर धरून बघत तशी. पिवळा उजेड हाडातून आरपार आला. बराच वेळ बघून म्हणाले, "आमच्या कागदापेक्षा एकसारखा नाही. पण पातळ आहे."

त्या वेळी पुस्तकं म्हणजे ग्रे आणि कनिंगहॅम, दोन्ही लायब्ररीतून पाळीपाळीनं. ग्वाल्हेरच्या बी. डी. चौरसियांचं पुस्तक आलं १९७९ मध्ये; आम्ही तोवर पुढे गेलो होतो. आमच्या मागच्या पोरांनी त्यातल्या रेषांच्या आकृत्या काढून काढून वह्या भरल्या. हेवा वाटला, अजूनही वाटतो. मराठी किंवा हिंदी पुस्तकाचा विचारही तेव्हा नव्हता. २०२२ च्या ऑक्टोबरात भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली तेव्हा मी शरीररचनेचं मुद्दाम चाळलं. वाक्यं हिंदी, संज्ञा बहुतेक इंग्रजीच, फक्त नागरीत लिहिलेल्या. फाळ आणि जू तिथंही आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी मी संच पुढच्याला विकला. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. मेसचं बिल भरायचं होतं. कवटी परत आठवली ती तिसऱ्या वर्षी, सुई हातात आली तेव्हा. खालच्या दाढा सुन्न करायच्या तर नस जबड्याच्या उभ्या फांदीच्या आतल्या बाजूनं हाडात शिरते त्या भोकाजवळ औषध सोडावं लागतं. भोक दिसत नाही, पुढे एक छोटी हाडाची जीभ असते. अंगठा फांदीच्या पुढच्या कडेवर फिरवायचा, सर्वांत खोल खाच सापडली की तिच्या उंचीवर सुई न्यायची, साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर आत गेल्यावर हाड टोचलं पाहिजे. लवकर टोचलं तर चूक, टोचलंच नाही तर जास्त मोठी चूक. लहान मुलात हे भोक खाली असतं. हे वाचून येत नाही. माझ्या अंगठ्याला ते आलं, कारण दोन महिने रात्री पांघरुणात, दिवा न लावता, मी तो जबडा चाचपला होता.

पुढे नेपानगरला दवाखाना टाकला. ऐंशीच्या दशकात दुखणी साधी, कीड आणि पू. नंतर गुटखा आला. नव्वदीच्या मध्यापासून विशी-पंचविशीची पोरं येऊ लागली, तोंड दोन बोटंही उघडेना, गाल आतून पांढरे, पट्टे ओढल्यासारखे. सुपारीनं होणाऱ्या या आजाराला 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव मुंबईचे कान-नाक-घशाचे सर्जन डॉ. जोशी यांच्या १९५३ च्या निबंधापासून चालत आलेलं. हाडं सगळी जागच्या जागी, पण दार बंद. अंगठा आत जाईल तर खाच सापडेल ना! तिथं वझिरानींची १९६० ची आणि अकिनोसींची १९७७ ची रीत कामाला आली: तोंड मिटलेलं, सुई वरच्या दाढांच्या हिरडीच्या उंचीनं, वरचा जबडा आणि उभी फांदी यांच्या मधल्या फटीतून सरळ मागे. हाडाचा स्पर्श मिळत नाही. डोक्यात कवटी आडवी धरून अंदाजानं जायचं. २०१२ च्या एप्रिलमध्ये गुटख्यावर बंदी घालणारं मध्य प्रदेश हे पहिलं राज्य. पुड्या दोन झाल्या, सुपारी एकीत आणि तंबाखू दुसरीत. माझे रोगी कमी झाले नाहीत.

इंदूर-इच्छापूर रस्त्यावर मोटारसायकली वाढल्या तसे चेहरे फुटून यायचे. रने ल फोर या फ्रेंच सर्जननं १९०१ मध्ये मृतांच्या चेहऱ्यांवर आघात करून वरचा जबडा कोणत्या तीन रेषांवर तुटतो ते दाखवलं होतं. मी ती रेष कोणती ते चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवायचो, त्यापलीकडे माझ्या दवाखान्यात काही नव्हतं.

धाकट्या भावाची नात आता बीडीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, महाराष्ट्रात. तिच्याकडे प्लास्टिकची कवटी आहे, सुटी होणारी, रंगीत, आणि मोबाइलमध्ये बोटानं फिरणारी दुसरी. सीबीसीटीच्या, म्हणजे त्रिमितीय एक्स-रेच्या, चित्रात ती हाडाची जाडी मिलिमीटरच्या अंशात मोजते. इम्प्लांट बसवायचं तर मला हेच हवं होतं, माझ्या काळात ते नव्हतं याचं वाईट वाटतं. आणि कोणाची उकरलेली आई तिच्या पलंगाखाली नाही, हेही बरंच. फक्त गेल्या सुट्टीत मी तिची कवटी दिव्यासमोर धरली. डोळ्याच्या खोबणीतून उजेड आला नाही. "आबा, त्यात काय बघताय?" ती म्हणाली. मग मी तिला हात धुवायला लावले आणि तिचा अंगठा तिच्याच तोंडात, मागच्या दाढेमागे ठेवायला सांगितला. ती थांबली, अंगठा थोडा वर सरकवला, परत खाली आणला. बोलता येत नव्हतं म्हणून तिनं नुसती मान हलवली.

या पावसाळ्यात मला खालची कवळी बसवली. डावीकडे चावलं की ओठात वीज गेल्यासारखं होतं. माझाच ओपीजी, दोन्ही जबड्यांचा एक्स-रे, काढून बघितला. हनुवटीजवळचं भोक, तान्ह्या बाळात जबड्याच्या खालच्या कडेजवळ असतं, तरुणात मधोमध, आणि दात गेले की वरचं हाड झिजून ते वरच्या कडेला येतं. पुस्तकात तीन चित्रं शेजारी शेजारी असायची. माझं भोक तिसऱ्या चित्रातलं. कवळीची कड नेमकी नसेवर बसत होती. निळ्या पेन्सिलीनं खूण केली, कवळी काढली आणि तेवढी जागा ड्रिलच्या बरनं खरवडली.